त्या पांढऱ्या ॲप्रनबद्दल

मॅडम,

तुमचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. बाकावरून उठायला तयार नव्हती ती म्हातारी, तिचा मी मुलगा. एवढ्यावर ओळखाल.

आईची दाढ दिवाळीच्या आधीपासून ठणकत होती. दातांच्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या दिल्या, सूज उतरली. महिन्याभरात पुन्हा गाल फुगला, पुन्हा गोळ्या. तिसऱ्या खेपेला तर त्यांनी तिला तोंडसुद्धा उघडायला लावलं नाही. "जरा स्ट्राँग देतो," झालं. चौथ्या खेपेचा गुन्हेगार मीच. रिकामं पाकीट मेडिकलवाल्यापुढं धरलं, त्यानं चिठ्ठी न मागता नवं दिलं. पाकिटावरची लाल रेघ, म्हणजे चिठ्ठीशिवाय घेऊ नये ही खूण, दोघांनाही दिसली नाही. आई आपली रविवारी मटण बाजूला सारून नुसता पांढरा रस्सा प्यायची.

मग जुलाब सुरू झाले, दिवसाला दहा-बारा वेळा. एका डॉक्टरांनी ते थांबवायची गोळी दिली, तर पोट नगाऱ्यासारखं टणक झालं.

तुमच्याकडं नंबर यायच्या आधीच बाकावर तिचं लुगडं खराब झालं. शेजारची माणसं सरकली. एकानं नाकाला रुमाल लावला. उभ्या आयुष्यात डोक्यावरचा पदर ढळू न दिलेली बाई मान खाली घालून रडत होती, आणि मी, पन्नाशीचा बाप्या, नुसता उभा. तुम्ही बाहेर आलात, अंगातला ॲप्रन काढून तिच्या कमरेला गुंडाळलात, पुढं गाठ मारलीत. "मावशी, हे औषधांनी केलंय, तुम्ही नाही." आणि दंडाला धरून स्वतः आत नेलंत. आयाला हाक मारली नाही.

त्यानंतर तुम्ही काय सांगितलंत, ते मी आता दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो. गोळ्यांनी आतड्यातले चांगले जंतू मेले, मोकळ्या रानात क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जुलाब लावणारा जंतू माजला. तो सॅनिटायझरनं मरत नाही, हात साबणानंच धुवायचे. आणि दाढ आतून मेलेली, तिथं रक्तच पोचत नाही, तर गोळी कुठून पोचणार? पू काढायचा, नाहीतर दाढ काढायची. चार महिने आम्ही दारातल्या चोराला सोडून घरातल्यांनाच झोडपत होतो.

त्या जंतूवरच्या औषधाचे, व्हँकोमायसिनचे, दहा दिवस झाले, आईचं पोट ठिकाणावर आलं. दाढ नंतर दुसरीकडं काढली, पंधरा मिनिटांत. त्या पंधरा मिनिटांसाठी चार महिने!

हुशार डॉक्टर कोल्हापुरात पुष्कळ आहेत. पण खुर्चीवरून उठून बाहेर येणारं माणूस आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा भेटलं.

ॲप्रन आमच्याकडंच राहिलाय. आईनं गरम पाण्यात दोनदा धुतला, खळ घातली, इस्त्री केली. मी आणून देतो म्हटलं तर देत नाही. गुळाची ढेप घेऊन ती स्वतःच येणार आहे, नंबर लावून.