टॉर्क मॅनेजमेंट बंद करा म्हणे!

संपादक महोदय, स.न.वि.वि.

रविवारच्या ऑटो पुरवणीत हौशी ड्रॅग रेसिंगसाठी (सरळ पट्ट्यावरची छोट्या अंतराची शर्यत) कॉम्प्युटरवाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मॉडिफाय करण्यावर लेख आला होता, तो मी दोनदा वाचला. विषय घेतल्याबद्दल आधी मनापासून आभार कारण आमच्यासारख्या येड्यांसाठी पेपरात कोण लिहितं. पण त्यात एक वाक्य आहे की लॅपटॉप लावा, टॉर्क मॅनेजमेंट शून्य करा आणि गिअर कसे धाडधाड पडतात ते बघा. हे वाचून कुणी तसंच करेल म्हणून हे पत्र.

मी स्वतः तसंच केलं होतं. गिअरबॉक्स जनरल मोटर्सचा म्हणजे जीएमचा ४एल६०ई. हा १९९३ पासून आला, आतून बराचसा जुना ७००आर४च, फक्त गिअर कधी बदलायचा ते वेग ओळखणारा गव्हर्नर आणि टीव्ही केबल (अ‍ॅक्सिलरेटरला जोडलेली थ्रॉटल व्हॉल्वची तार) ह्यांच्याऐवजी कॉम्प्युटर ठरवतो, सोलेनॉइड म्हणजे विजेवर उघडझाप होणाऱ्या व्हॉल्वमधून. टॉर्क मॅनेजमेंट म्हणजे काय तर गिअर बदलताना कॉम्प्युटर क्षणभर इंजिनाचं टायमिंग मागे घेतो, टॉर्क म्हणजे फिरवण्याची ताकद कमी होते, तेवढ्यात गिअरबॉक्सच्या आतले क्लच आणि बँड (ड्रमभोवती आवळणारा पट्टा) धरून घेतात आणि मग पुन्हा सगळी ताकद येते. आम्ही ते बंद केलं, पहिल्या रनला अशी लाथ बसली की मी आणि मित्र दोघं खुळ्यासारखे हसत होतो. काही रन झाले आणि दुसरा गिअर गेला, रिव्हर्सपण गेला, चौथा तर नंतर घरी जाताना कळला की तोही नाही. पहिला आणि तिसरा मात्र ठणठणीत! ज्याने हा बॉक्स उघडलाय तो इथेच ओळखेल, सन शेल. रिव्हर्स इनपुट ड्रम आणि मागचा सन गिअर ह्यांना जोडणारा वाटीसारखा पत्र्याचा पार्ट, दुसऱ्या आणि चौथ्यात बँड तो ड्रम धरतो आणि रिव्हर्सला तोच ड्रम फिरतो, म्हणजे तिन्हीचं वजन ह्या एका वाटीवर. ती फाटली की तिन्ही एकदम जातात.

आता कुणी म्हणेल की मग मजबूत सन शेल टाका. टाकाच, बाजारात मिळतो. पण माझं म्हणणं वेगळं आहे. गिअर हळू पडतो ते इंजिन एक क्षण गप्प बसतं म्हणून नाही, तो हळू पडतो कारण क्लच आणि बँड दाबणारं तेल हळू पोचतं आणि अ‍ॅक्युम्युलेटर (स्प्रिंगवाला पिस्टन) मुद्दाम गादीसारखं काम करतो, कारण कंपनीला गाडीत बसलेल्या आजीच्या हातातला चहा सांडू द्यायचा नव्हता. ते बदलायचं असेल तर व्हॉल्व बॉडी (तेल कुठे जायचं ते ठरवणारा व्हॉल्वचा ठोकळा) खाली घ्या, तिच्या सेपरेटर प्लेटची तेलाची भोकं मापात वाढवा, दुसऱ्या गिअरसाठी बँड आवळणारा मोठ्या पिस्टनचा कॉर्व्हेट सर्व्हो बसवा, पंपातला प्रेशर वाढवणारा बूस्ट व्हॉल्व बदला. टॉर्क मॅनेजमेंट सगळ्यात शेवटी आणि थोडं थोडं कमी करा, पूर्ण शून्य नाही. लेखात हे उलटं झालंय, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आणि धाडकन पडणारा गिअर म्हणजे चांगला गिअर हा जो समज आहे ना त्याने फार लोक फसतात. माझ्या त्याच मित्राच्या गाडीत एक दिवस गिअर आपोआप कडक पडायला लागले, आम्ही म्हटलं वा, बॉक्स जागा झाला! नंतर स्कॅनर लावला तर पी१८७० कोड, म्हणजे बॉक्स घसरतोय. व्हॉल्व बॉडीत टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स तेलातून जोडणारा भाग) क्लचच्या व्हॉल्वचं भोक झिजलेलं, कॉम्प्युटरला घसरण दिसली म्हणून त्याने घाबरून लाईन प्रेशर म्हणजे तेलाचा मुख्य दाब फुल्ल केला होता. म्हणजे आजार होता आणि आम्ही पार्टीच्या तयारीत होतो. ह्या बॉक्समध्ये प्रेशरच्या सोलेनॉइडचा करंट जितका कमी तितकं प्रेशर जास्त, त्याची वायर तुटली तरी फुल्ल प्रेशर, आणि बॉक्सची सगळी वीजच गेली तर गाडी तिसऱ्यात अडकते. म्हणून कडक गिअर दिसला की आधी स्कॅनर.

लॅपटॉपचा खरा फायदा लेखात आलाच नाही ह्याचं जास्त वाईट वाटलं. ब्रॅकेट रेसिंगमध्ये तुम्ही तुमचा टाईम आधीच लिहून देता, त्याच्यापेक्षा फास्ट गेलात तर ब्रेकआऊट, शर्यत गेली, म्हणजे रोज एकसारखं पळणं हेच सगळं. तिथे हा बॉक्स सोनं आहे कारण तो प्रत्येक वेळी त्याच आरपीएमला बदलतो, हाताने आपण कधी ५,८०० ला ओढतो कधी ६,१०० ला. फक्त एक समजून घ्या, कॉम्प्युटरने हुकूम दिला आणि गिअर खरंच बदलला ह्यात वेळ जातो, पहिल्यात इंजिन झपाट्याने चढतं त्यामुळे ६,००० ला हवा असेल तर हुकूम बराच आधी द्यावा लागतो, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना तेवढा आधी नाही. आणि टायरची उंची किंवा मागच्या डिफरेन्शियलचा रेशो बदलला तर ते कॉम्प्युटरमध्ये भरा नाहीतर त्याचं स्पीडचं गणितच चुकतं आणि गिअर भलत्याच ठिकाणी पडतात.

अजून एक, ह्याचा पहिला गिअर ३.०६ आणि दुसरा १.६३. ६,००० वर बदलला की हिशोबाने इंजिन ३,२०० च्या आसपास येऊन पडतं. तिथे इंजिनात जीव नसेल तर कितीही ट्यून करा, गाडी दम खाते, जास्त स्टॉलचा (म्हणजे जास्त आरपीएमला पकड घेणारा) टॉर्क कन्व्हर्टर टाकल्याशिवाय गती नाही. तो टाकला की तेल तापतं, म्हणून मोठा कूलर त्याच दिवशी बसवा, पुढच्या महिन्यात नाही. जास्त ताकद असेल तर सरळ ४एल८०ई घ्या, जीएमच्याच जुन्या टर्बो ४०० गिअरबॉक्सच्या घराण्यातला, जड आहे पण पहिला २.४८ दुसरा १.४८ त्यामुळे इंजिन एवढं खाली पडत नाही, आणि अंगानेही दणकट.

सेफ्टीवर लेखात अर्धी ओळपण नाही. अमेरिकेत एनएचआरए ही ड्रॅग रेसिंगची संघटना ऑटोमॅटिकवाल्यांना रिव्हर्स लॉकआऊट (चुकून रिव्हर्स पडू न देणारी अडणी) आणि न्यूट्रल सेफ्टी स्विच (गिअरमध्ये असताना स्टार्ट होऊ न देणारा) सक्तीचं करते ते उगीच नाही. लिव्हर बदलताना आपण तो सेफ्टी स्विच वायर जोडून बायपास करतो आणि मग गाडी गिअरमध्येच स्टार्ट होते, समोर मित्र उभा असतो. शर्यत संपल्यावर वेगात न्यूट्रल पण करू नका, आतले ड्रम भलत्या वेगाने फिरू शकतात आणि फुटले तर ते तुमच्या पायाजवळच असतात.

लेखकाशी भांडण नाही, बाकी लेख छान आहे आणि फोटोतली वायरिंग तर माझ्यापेक्षा नीटनेटकी. पण टॉर्क मॅनेजमेंट शून्य करा ही ओळ पुढच्या रविवारी दुरुस्त करून छापा, त्याच जागी, त्याच टाईपात.

आपला,
तीन सन शेल फोडलेला एक वाचक