सर्व सभासदांना सूचना : डायनोसॉरचा दात घेण्याआधी एवढं तपासा

मोरोक्कोच्या केम केम या खडकांच्या थरांतले स्पायनोसॉरस या डायनोसॉरचे दात भरपूर मिळतात, पण लांब आणि अखंड क्वचितच. दोन-तीन दातांचे तुकडे जोडायचे, सांध्यावर वाळू आणि गोंद थापायचा, की झाला मोठा दात! म्हणून १० पट भिंगातून बुडापासून टोकापर्यंत दातावरची एकेक उभी रेषा बघत जा. रेषा मध्येच तुटली किंवा सरकली, तर तिथे जोड आहे असं समजा. अतिनील टॉर्चखाली गोंद बहुधा वेगळा चमकतो, पण सगळेच गोंद चमकत नाहीत. त्या एकाच चाचणीवर विसंबू नका.

गोंद विरघळतो का हे बघायला असिटोनचा बोळा फिरवायचा तर विक्रेत्याला विचारून, आणि फक्त संशयित सांध्यावर. भेगाळलेल्या दाताला मजबुतीसाठी पॅरालॉइड बी-७२ हे गोंदासारखं रसायन लावलेलं असतं, तेही असिटोनने विरघळतं आणि अस्सल दाताचे तुकडे होतात.

मूळ नाही म्हणून दात नाकारू नका. डायनोसॉरचे दात आयुष्यभर पडत आणि नवे येत. पडण्याआधी मूळ शोषलं जाई. उलट स्वस्तातल्या दाताला लांब मूळ दिसलं तर ते आधी तपासा. मोसासॉरचा दात डायनोसॉरचा म्हणून घेऊ नका; मोसासॉर हा समुद्री सरडा, डायनोसॉर नव्हे.

मंगोलियातला टार्बोसॉरस या डायनोसॉरचा दात कृपया कोणीही घेऊ नये. तिथून जीवाश्म बाहेर विकायला कायद्याने बंदी आहे. अमेरिकेतला असेल तर खासगी जमिनीतून, मालकाच्या परवानगीने काढल्याचा कागद मागा. थर आणि ठिकाण लिहिलेली चिठ्ठी दातासोबतच ठेवा.