बाटलीवर मिलिग्रॅम लिहा : अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना एका फॅमिली डॉक्टरचे खुले पत्र

मा. मंत्री, अन्न व औषध प्रशासन,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. गांजा-भांगेपासून केलेली औषधे फॅमिली डॉक्टरांनी लिहून द्यावीत का, यावर आमच्या मंडळींत एकमत नाही. काही जण विषयच काढू देत नाहीत. दारू आणि तंबाखूने आधीच काय कमी केलेय, असे त्यांचे म्हणणे. काहींना कर्करोगाचे किंवा मज्जातंतूंच्या दुखण्याचे रुग्ण बघून वाटते, हाताशी आणखी एक औषध असावे. मला स्वतःला हा अधिकार आज नको आहे. पण ते औषध माझ्या रुग्णांच्या घरी केव्हाच पोचले आहे, आणि त्यात काय आहे हे मला कळायला हवे.

१९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. फुलोऱ्याशिवायची नुसती पाने आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून पानांचा अर्क ‘विजया’ या नावाने आयुर्वेदिक औषध होऊन राजरोस मिळतो. व्हिडिओ कॉलवर चार प्रश्न, लगेच चिठ्ठी, मग कुरिअरने बाटली. नशा आणणारे टीएचसी पानांतही असते, पण कायदा बघतो झाडाचा कुठला भाग आहे ते. मला मात्र मिलिग्रॅम बघावे लागतात. औषध नियमांच्या ई-१ अनुसूचीत, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत, भांग आहे, त्यामुळे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे असा इशारा बाटलीवर छापावा लागतो. देखरेख कोणाची? व्हिडिओ कॉलवरचे डॉक्टर पुन्हा भेटत नाहीत, आणि आयुर्वेदिक औषध विकणाऱ्या दुकानदाराला विक्रीचा परवानाही लागत नाही.

हृदयाची झडप बदललेले, वॉर्फरिनवर (रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीवर) असलेले आजोबा गुडघ्यासाठी हे थेंब घेऊ लागतात, आणि आयएनआर (रक्त किती पातळ झाले ते सांगणारा आकडा) का वाढला याचा शोध आम्ही जेवणातल्या पालेभाजीपासून सुरू करतो. थेंबांचे कोणी बोलत नाही. भांगेचे नाव डॉक्टरांपुढे कसे काढायचे, ही लाज असतेच. शिवाय ‘आयुर्वेदिक आहे, त्याने काय होणार’ हा भरवसा. सीबीडी, म्हणजे भांगेतला नशा न आणणारा घटक, यकृतातल्या ज्या विकरांना (एन्झाइमना) अडवतो, त्यांतूनच वॉर्फरिनचाही निचरा होतो. फिटच्या मुलांना देतात त्या क्लोबाझामची गुंगी याने वाढते, आणि व्हॅल्प्रोएट हे फिटचे दुसरे औषध चालू असेल तर यकृताच्या तपासण्या बिघडू शकतात.

फायदा नाहीच, असे मी म्हणत नाही. ड्रावे आणि लेनॉक्स-गॅस्टो या लहानपणीच्या दोन हट्टी अपस्मारांत शुद्ध सीबीडीचा उपयोग दिसला, म्हणून अमेरिकेने २०१८ मध्ये त्या औषधाला मान्यता दिली. तिथला डोस वजनावर ठरतो : २० किलोच्या मुलाला साधारण दिवसाला २०० ते ४०० मिलिग्रॅम. आपल्याकडे आईबाप थेंब मोजतात. एका थेंबात किती, हे विचारायचे कोणाला? ब्रिटनने त्याच वर्षी ही औषधे कायदेशीर केली, पण सुरुवात फक्त तज्ज्ञाने करायची. फॅमिली डॉक्टरला ती मुभा नाही. जुनाट दुखण्यासाठी तर तिथली मार्गदर्शक तत्त्वे ती देऊ नका असेच सांगतात. ही शिस्त मला पटते.

नुसता कायदा बदलून भागत नाही, हे मॉर्फिन या तीव्र वेदनांवरच्या औषधाने दाखवले आहे. त्याच एनडीपीएस कायद्याच्या २०१४ च्या दुरुस्तीने परवान्यांची भानगड एका परवान्यावर आणली. तरी खेड्यातल्या कर्करोगाच्या रुग्णाला आजही मॉर्फिनच्या गोळीसाठी मोठे शहर गाठावे लागते. (वेदना कमी करायची खरीच तळमळ असेल, तर भांगेआधी तिकडे बघा, हेही जाता जाता.)

आपल्याकडे मागणे एवढेच. राज्यात तयार होणाऱ्या विजयाच्या प्रत्येक बाटलीवर टीएचसी आणि सीबीडी एका मिलिलिटरला किती मिलिग्रॅम, हे मराठीत छापायला लावा. केंद्राची परवानगी लागत असेल तर ती मागा. आपले औषध निरीक्षक बाजारातले नमुने उचलतात, तसे हेही उचलून प्रयोगशाळेत तपासा आणि निकाल जाहीर करा. ऑनलाइन चिठ्ठी देणाऱ्याने रुग्णाची चालू औषधे विचारून त्या चिठ्ठीवरच लिहावीत आणि प्रत रुग्णाला द्यावी. ती प्रत माझ्या टेबलावर आली, तर कोणते थेंब थांबवायचे आणि कोणाला न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवायचे ते मी बघेन.

आपला,
एक फॅमिली डॉक्टर
जि. सातारा