चौदाव्या मजल्याचा हिशेब

संपादक महोदय,

‘चाळीतल्या माणसाला टॉवरमध्ये फुकट घर मिळतं आणि तो ते विकून बदलापूर-विरारला पळतो, मग मुंबईत मराठी माणूस उरला नाही म्हणून ओरडतो,’ अशा आशयाचं एका वाचकाचं पत्र आपल्या अंकात आलं होतं. ते वाचल्यापासून हे लिहायचं मनात होतं. मी लालबाग-काळाचौकीच्या पट्ट्यातल्या एका पुनर्विकसित इमारतीत राहतो आणि आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे. हे पद कुणालाच नको असतं. मी तेहतीस-चौतीस वर्षं बेस्टमध्ये कंडक्टर होतो. ड्यूटी संपल्यावर वे-बिलाचा हिशेब जुळल्याशिवाय डेपोतून घरी जाता यायचं नाही, म्हणून सगळ्यांनी मिळून ही वही माझ्या गळ्यात घातली.

आमची जुनी चाळ तीन मजल्यांची, उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी सरकार जिच्यावर उपकर घेतं अशी. वडील गिरणीत स्पिनिंग खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि ते परत कधी आत गेले नाहीत. त्याच वर्षी मी खाकी घातली. खोली दहा बाय बारा, पागडीची, म्हणजे एकदा रक्कम मोजून नाममात्र भाड्याने कायमची घेतलेली. शेवटची भाडेपावती मी अजून जपून ठेवली आहे : उपकर धरून ९२ रुपये. महिन्याचे. नळाचं पाणी पहाटे चारला, संडास मजल्याच्या टोकाला आणि पावसाळ्यात जिन्याला टेकू. तेव्हा ‘चाळीतलं ते आयुष्य किती छान’ वगैरे मी म्हणणार नाही. ज्यांनी रात्री दोन वाजता म्हाताऱ्या आईला हात धरून त्या संडासापर्यंत नेलं आहे, ते असं म्हणत नाहीत.

२००७ मध्ये बिल्डर आला. तेव्हा सत्तर टक्के भाडेकरूंची संमती लागायची (आता एक्कावन्न टक्के पुरते). आमच्याकडे सहा महिने बैठका झाल्या आणि प्रत्येक बैठकीत विषय एकच, चौरस फूट. नियमाने किमान २२५ होते, ते पुढे ३०० झाले, तेव्हा आम्ही पेढे वाटले. बाल्कनी धरायची की नाही, भिंतीची जाडी कुणाच्या खात्यात, यावरून सख्खे शेजारी आठवडाभर बोलत नव्हते. कॉर्पसचा, म्हणजे देखभालीसाठी बिल्डरने एकरकमी ठेवायच्या निधीचा, विषय शेवटच्या बैठकीत निघाला, तोही रात्री साडेदहाला, लोक उठायला लागल्यावर. बिल्डरच्या माणसाने आकडा सांगितला, घरटी तीन लाख. तीन लाख ऐकून टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

२००९ मध्ये चाळ रिकामी केली. नऊ वर्षं डोंबिवलीला भाड्याने काढली. बिल्डरकडून येणारं भाडं मध्ये दीड वर्ष बंद पडलं होतं, तो वेगळा विषय. २०१८ मध्ये चाव्या मिळाल्या. बावीस मजले, ११२ घरं, तीन लिफ्ट. मी चौदाव्यावर. पहिल्या रात्री पत्नीने नळ उघडला आणि पाणी येतंय हे बघत नुसती उभी राहिली.

आता वही उघडतो. गेल्या महिन्याचा खर्च असा : वॉचमन सहा जण, तीन पाळ्यांत मिळून १ लाख ८ हजार. लिफ्ट, पंप, जिने आणि पॅसेजची वीज ९५ हजार. सफाई ६० हजार. महापालिकेचं पाणी ४० हजार. लिफ्टचा वार्षिक करार महिन्यावर वाटला तर ३० हजार. हिशेबनीस आणि ऑडिट २५ हजार. उरलेलं किरकोळ, म्हणजे टाक्या धुणं, विमा, प्लंबर, आगीच्या यंत्रणेची दुरुस्ती (कायद्याने वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, तिचं प्रमाणपत्र लागतं), मिळून ५० हजार. बेरीज ४ लाख ८ हजार. भागिले ११२, घरटी ३,६४३ रुपये. यात दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायची रक्कम) धरलेले नाहीत. सोसायटीच्या उपविधीप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) ते दोन्ही मिळून बांधकाम खर्चाच्या वर्षाला एक टक्का घ्यायला हवेत, म्हणजे आमच्याकडे घरटी महिन्याला आणखी हजारभर. पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे, तेवढी कृपा.

आम्ही घेतो १,५०० रुपये. जास्त घ्यायचा ठराव मी दोनदा मांडला, दोनदा पडला. तरी गाडा चालतो, कारण तीन लाख गुणिले ११२ हे ३ कोटी ३६ लाख बँकेत ठेवले आहेत आणि त्याचं व्याज येतं. पहिली काही वर्षं व्याजात भागलं. किमान वेतन वाढलं, विजेचे दर वाढले, आणि दोन वर्षांपूर्वी मुदलाला हात लागला. आज व्याज महिन्याला साधारण १ लाख ९० हजार, वर्गणी पूर्ण जमली तर १ लाख ६८ हजार. तूट ५० हजार. वर्गणी पूर्ण कधीच जमत नाही. मुदल कमी झालं की व्याज कमी, व्याज कमी की मुदलात आणखी हात. हा उतार कंडक्टरलाही कळतो.

पुनर्विकासाच्या नियमात बिल्डरने कॉर्पस ठेवायचा तो दहा वर्षांच्या देखभालीपुरता. आमची दहा वर्षं २०२८ ला भरतात. इमारत मात्र दहा वर्षांची नाही. बाहेरून रंगाचं आणि गळतीचं एस्टिमेट आत्ताच आलंय, ६० लाख. म्हणजे घरटी साडेत्रेपन्न हजार. अजून आठ-दहा वर्षांनी तिन्ही लिफ्ट बदलायला येतील, त्याचा आकडा मी मुद्दाम विचारलेला नाही.

दुसऱ्या बाजूला माणूस बघा. माझी ईपीएस-९५ ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतली, पेन्शन महिन्याला तीन हजारांच्या आत आहे. म्हणजे खरा मेंटेनन्स लावला तर माझी अख्खी पेन्शन लिफ्ट आणि वॉचमनला जाईल आणि वर मलाच भर घालावी लागेल. मुलगा कमावतो म्हणून माझं चालतं. आमच्याकडच्या किमान तीस घरांत अशी मुलं नाहीत, किंवा आहेत आणि कुरिअरच्या मोटारसायकलवर आहेत.

नवव्या मजल्यावर एक वहिनी आहेत. चाळीत असताना त्या गॅलरीत दोन स्टोव्ह मांडून पोळी-भाजीचे तीस-चाळीस डबे करायच्या. त्यांच्या सासूबाईंची त्याच गॅलरीत गिरणी कामगारांची खाणावळ होती. आज किंमत त्या दहा बाय बाराच्या खोलीची कमी आणि बाहेरच्या चार फुटी गॅलरीची जास्त होती असं म्हणावं लागेल, कारण पोट त्या गॅलरीवर चालायचं. करारात गॅलरी कुणाच्याच चौरस फुटांत नव्हती, म्हणून बदल्यात काही मिळालं नाही. नव्या घरी वहिनींनी सामान पॅसेजमध्ये ठेवायला सुरुवात केली. पॅसेज हा आगीच्या वेळी सुटकेचा रस्ता. नोटीस लागली : ‘पॅसेजमध्ये गॅस, शेगडी, वाळवण, डबे ठेवण्यास सक्त मनाई.’ त्या नोटिशीखाली सही माझी आहे. नोटीस चूक नव्हती. डबे चाळीसवरून बारावर आले. वर्षभरात त्यांचा मेंटेनन्स थकला, आणि थकबाकीचं पत्र द्यायलाही मीच गेलो. त्यांनी चहा दिला.

त्यांनी परवा घर विकायला काढलं. एजंटने सांगितलेल्या रकमेत बदलापूरला दोन खोल्या येतात आणि उरलेले पैसे बँकेत पडतात. वाचक महाशयांना हे पळणं वाटतं. मी वही बघतो तेव्हा मला वाटतं, हिशेब येणारा कुणीही हेच करेल. आमच्या ११२ पैकी २३ घरं विकली गेली आहेत. त्यांत लोभापायी गेलेली नक्कीच आहेत, चार-पाच तर मीच मोजून दाखवीन. बाकीच्यांना महिन्याच्या बिलाने हलवलं. माणसाला चाळ सोडायला लावणारा घरमालक दिसायचा तरी. हा दिसत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. एकशेसाठ चौरस फुटांतून पाचशेत जाणारी ती माणसं टीव्हीवर रडत होती, आमच्या घरातही डोळे पुसले गेले. आता आजूबाजूला जिथे बघावं तिथे संमतीपत्रं फिरत आहेत. परवा शेजारच्या चाळीतली तीन पोरं माझ्याकडे आली, ‘काका, किती फूट मागू?’ म्हणून. मी त्यांना म्हटलं, पाच फूट कमी मागा, पण आधी विचारा की लिफ्ट किती, मजले किती, पंप किती हॉर्सपॉवरचे, गच्चीवर सोलर कोण बसवणार आणि वीज किती येणार. याचा महिन्याचा खर्च कागदावर लिहून घ्या, बाराने गुणून वर्षाचा करा, त्याला व्याजाच्या दराने भागा, आणि जो आकडा येईल तो कॉर्पस मागा. तो घरटी तीन लाख येत नाही, दुपटीच्या वर जातो. डबे, शिवणकाम, पापड करणाऱ्या बायकांसाठी पोडियमवर (टॉवरखालच्या पार्किंगच्या मजल्यांवरच्या मोकळ्या जागेत) एखादी ओट्याची, नळाची, हवेशीर खोली करारातच लिहून घ्या. बिल्डरच्या विकायच्या टॉवरमध्ये जिमखाना बसतो, तर ही खोलीही बसेल. पोरं ऐकून गेली. त्यातला एक जिन्यातून परत आला आणि म्हणाला, ‘ते सगळं ठीक काका, पण तुम्हाला बाल्कनी धरून मिळाले की सोडून?’

आपलं वर्तमानपत्र चाव्यावाटपाचे फोटो छापतं, छापावेतच. त्याच इमारतीत आठ वर्षांनी एक बातमीदार पाठवावा आणि खजिनदाराची वही बघायला सांगावी, एवढीच सूचना. आमच्याकडे आला तर वही दाखवीन, लिफ्ट चालू असली तर चौदाव्यावर, नाहीतर खाली वॉचमनच्या केबिनमध्ये.

पत्राखाली नाव छापू नये ही विनंती. येत्या रविवारी सर्वसाधारण सभा आहे आणि मेंटेनन्स वाढवायचा ठराव मी तिसऱ्यांदा मांडणार आहे.

आपला,
एक निवृत्त कंडक्टर,
काळाचौकी, मुंबई