तूट चीनशी, झळ शिरोलीला

महोदय,

२०२४-२५ मध्ये आपण चीनकडून सुमारे ११३ अब्ज डॉलरचा माल घेतला, विकला जेमतेम १४ अब्जांचा. ही तूट मला कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत डोळ्यांनी दिसते. गेल्या महिन्यात आमच्या सीएनसी मशीनचं (संगणकाच्या हुकमावर धातू कापणारं यंत्र) कार्ड, म्हणजे ते चालवणारा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड, जळालं. नवं येईपर्यंत मशीन अकरा दिवस झाकून ठेवलं. आलेल्या खोक्यावर चिनी अक्षरं. ओतकाम आपलं, घाम आपला, पण यंत्राचा मेंदू त्यांचा! एप्रिल २०२५ मध्ये चीनने गाड्यांच्या मोटरींत लागणाऱ्या दुर्मीळ खनिजांच्या चुंबकांची निर्यात अडवली, तेव्हा वाहन कंपन्यांची धांदल उडाली. कोल्हापूरच्या फौंड्र्यांचं पोट तर त्याच वाहनांवर. दिवाळीच्या चिनी दिव्यांच्या माळांवर बहिष्कार टाकून हे भागणार नाही. आयटीआयच्या पोरांना निदान ही कार्डं दुरुस्त करायला तरी शिकवा.

– एक फौंड्री व्यावसायिक, कोल्हापूर