क्रीडामंत्र्यांस खुले पत्र: शिबिरातले पोहणे मिनिटांत मोजा

मा. क्रीडामंत्री महोदय,

स. न. वि. वि.

उन्हाळी शिबिराचे एक साधे गणित आपल्यापुढे मांडतो. शिबिर १० दिवसांचे, रोज ४५ मिनिटे पोहण्याचा तास. कागदावर झाले साडेसात तास. रोजच्या ४५ मिनिटांतली १५ कपडे बदलणे, अंग धुणे, हजेरी आणि ओळीत उभे राहणे यात जातात. उरली ३०. एका प्रशिक्षकाकडे १२ मुले असतात आणि तो एकेकाला हाताशी घेऊन शिकवतो. बाकीची ११ काठाला धरून कुडकुडत आपली पाळी कधी येते ते बघतात. प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला अडीच मिनिटे येतात, सगळ्या शिबिरात २५. तेवढ्यावर मुलाला 'प्राथमिक जलतरण' आल्याचे प्रमाणपत्र मिळते. पालक ते खरे मानतात आणि पुढच्या सहलीत मुलाला खोल पाण्यात सोडतात.

आम्ही शिबिरांत पोहायला शिकवणारे आणि काठावर जीवरक्षक म्हणून उभे राहणारे लोक आहोत. शिबिरांना परवानगी देताना आपल्या खात्याने तलाव किती लांब आहे आणि किती मुलांची नावे आली, याच्या आधी तीन गोष्टी विचाराव्यात: मूल पाण्यात किती मिनिटे शिकते, शेवटी त्याची परीक्षा कशाची होते, आणि ते शिकत असताना न शिकवता नुसते बघणारा माणूस कोण आहे.

परीक्षेपासून सुरुवात करतो, कारण जी परीक्षा असते तेच शिकवले जाते. आज बहुतेक ठिकाणी शेवटच्या दिवशी मूल तलावाची रुंदी पार करते. अलीकडून प्रशिक्षक ढकलतो, पलीकडे दुसरा उचलून घेतो, मधले सात-आठ मीटर मूल श्वास कोंडून, मान ताठ करून, हातपाय झाडत कापते. टाळ्या पडतात. पण ज्या मुलाला मधेच थांबून श्वास घेता येत नाही, त्याला पोहता येते असे म्हणणे धोक्याचे आहे. मूल पाण्यात अचानक पडते तेव्हा समोर भिंत नसते आणि मागून ढकलणाराही नसतो. तेव्हा लागतात त्या पाच गोष्टी: डोक्यावरून पाणी जाईल इतक्या खोल पाण्यात उडी मारून वर येणे, एक मिनिट पाठीवर तरंगणे किंवा उभ्याने पाय मारत राहणे, जागच्या जागी गोल वळून बाहेर पडायची जागा शोधणे, तिथपर्यंत सुमारे २५ मीटर कसेही पोहून जाणे, आणि शिडीशिवाय काठावर चढणे. अमेरिकन रेड क्रॉस पाण्यातल्या सुरक्षिततेची परीक्षा याच पाच गोष्टींवर घेते. यात फ्रीस्टाइल नाही, ब्रेस्टस्ट्रोक नाही, वेळ तर नाहीच. दहा दिवसांत सगळ्या मुलांना हे सगळे जमणार नाही, हे आम्हीच आधी सांगतो. मग प्रमाणपत्रावर जे जमले तेवढेच लिहावे: 'पाठीवर ३० सेकंद तरंगतो, खोल पाण्यात अजून सोडू नये.' पालकाच्या उपयोगाचे वाक्य हेच.

आता शिकवण्याचा क्रम. तो चुकला की वर्षानुवर्षे चुकतो. पहिली गोष्ट श्वास. नवखे मूल तोंड पाण्यात घालताना श्वास कोंडते आणि तोंड वर आले की त्या अर्ध्या सेकंदात सोडणे आणि घेणे दोन्ही उरकायला बघते. ते जमत नाही, नाकातोंडात पाणी जाते, ठसका लागतो आणि दुसऱ्या दिवशी मूल पायऱ्यांवरून खाली उतरायला तयार नसते. म्हणून तोंड पाण्यात असतानाच हवा सोडायची सवय आधी लावावी लागते. नाकाने 'हंऽऽ' असा आवाज काढत बुडबुडे सोडायला सांगितले की नाकात पाणी शिरत नाही, हे मुलाला स्वतःलाच कळते. पहिल्या दोन दिवसांत एवढेच झाले तरी पुष्कळ. गॉगल तेव्हा घालू नयेत. पडणारे मूल गॉगल घालून पडत नाही; पाण्यात उघडे डोळे ठेवायची भीती आधीच मोडलेली बरी.

दुसरी गोष्ट पाठीवर तरंगणे. छाती हवेने भरलेली असली की बहुतेक मुलांचे शरीर पाण्यावर राहते. बुडवते ते उचललेले डोके. डोके पाण्याबाहेर आले की त्याचे वजन पाणी पेलत नाही, कंबर खाली जाते आणि कंबरेमागून पाय. म्हणून दोन्ही कान पाण्यात, नजर सरळ वर, पोट वर. प्रशिक्षकाचा एक हात डोक्याखाली, दुसरा कंबरेखाली. मूल सैल पडले की हात एकेक बोटाने काढून घ्यायचे. 'सोडतो हं' म्हणून हात काढला की मूल त्या शब्दानेच आखडते, डोके उचलते आणि बुडते.

याच्यालगत तिसरी गोष्ट आहे, आणि ती शिबिरांत जवळपास कोणी शिकवतच नाही: पाण्यात आडवे झाल्यावर पुन्हा पायांवर उभे कसे राहायचे. कंबरेइतक्या पाण्यात मूल गटांगळ्या खाते ते पाणी खोल असते म्हणून नव्हे. आडवे झालेले शरीर उभे कसे करायचे हे त्याला ठाऊक नसते, म्हणून. ते डोके मागे टाकून पाय झाडते आणि पाय आणखी वर येतात. उपाय सोपा आहे. गुडघे पोटाशी घ्यायचे, दोन्ही हातांनी पाणी मागून पुढे ओढायचे, डोके पुढे आणायचे, मग पाय खाली. पालथे असताना उलटे: गुडघे पोटाशी, हातांनी पाणी खाली दाबायचे, मग डोके वर. दहा-बारा वेळा करून घेतले की बसते. ते बसल्याशिवाय मुलाला घसरत पुढे जायला लावणे, फळी धरून पाय मारायला लावणे, हे सगळे घाईचे.

त्यानंतर उडी आणि परत फिरणे एकत्र शिकवावे: उडी मार, वर ये, वळ, भिंत धर. मूल बहुतेक वेळा काठावरूनच पडते, म्हणजे सर्वांत जवळचा आधार त्याच्या पाठीमागे असतो. पण त्याला सवय असते समोर पोहत जायची. मागे वळणे ही प्रतिक्षिप्त क्रिया व्हायला हवी.

दंडावर चढवायचे हवेचे फुगे शिकवणीत बंद करावेत, अशी आमची स्पष्ट मागणी आहे. ते शरीर उभे ठेवतात, आणि उभे शरीर ही पोहण्याची नव्हे, बुडण्याची स्थिती. शिवाय फुगे काढल्यावर आपण बुडतो हे मुलाला माहीत नसते. आधार लागलाच तर फळी द्यावी. ती हातातून सुटते, म्हणून मूल तिच्यावर आंधळेपणाने विसंबत नाही.

मिनिटांकडे परत येतो. नवख्या मुलांमागे प्रशिक्षकाचे प्रमाण एकास सहा असावे, आणि मुले पाळीपाळीने नव्हे तर एकाच वेळी पाण्यात काम करणारी असावीत. उथळ पाण्यात सहाही मुले एकदम बुडबुडे सोडू शकतात, एकदम गुडघे पोटाशी घेऊ शकतात. प्रशिक्षक काठावरून शिट्टी वाजवत नाही, पाण्यात उभा असतो. त्यासाठी पाणी मुलाच्या बेंबी ते छातीच्या मधे हवे. सहा-सात वर्षांच्या मुलांना ७० ते ९० सेंटिमीटर पुरते. तलाव मोठ्यांचा असेल तर तळाशी घट्ट बसणारे, न सरकणारे पाट टाकून उथळ जागा करता येते. मात्र पाटाची कड मुलाला कळावी म्हणून तिच्यावर ठळक रंगाची दोरी बांधलेली हवी, नाहीतर मूल चालता चालता कडेवरून खाली जाते.

पाण्याची उष्णता हा विषय कोणी गांभीर्याने घेत नाही. शर्यतीच्या तलावाचे पाणी २५ ते २८ अंश सेल्सिअस असते, कारण शर्यतीतला माणूस सतत हलत असतो. शिकणारे मूल बराच वेळ उभे असते आणि लहान शरीरातली ऊब झपाट्याने जाते. त्याला २९ ते ३१ अंश हवे. ओठ निळसर पडले, दात वाजू लागले की शिकवणे संपले; त्यानंतर मुलाचे लक्ष फक्त टॉवेलवर असते. पाणी तापवणे शक्य नसेल तर ४५ मिनिटांचा एक तास न ठेवता २० मिनिटांचे दोन ठेवावेत. जवळपास तेवढ्याच वेळात जास्त शिकून होते.

पाण्याच्या स्वच्छतेसाठी दोन आकडे दारावर फळ्यावर लिहावेत, दिवसातून निदान दोनदा: मुक्त क्लोरीन (जंतू मारायला शिल्लक असलेले), १ ते ३ पीपीएमच्या (दहा लाख भागांत इतके भाग) मधे, आणि पीएच (पाण्याची आम्लता-अल्कता सांगणारा अंक), ७.२ ते ७.८. पीएच ८ च्या वर गेला की क्लोरीन पाण्यात असूनही त्याचा जोर बराच उतरतो. 'क्लोरीन फार टाकलंय, डोळे झोंबतात,' असे पालक म्हणतात ते बहुधा उलटे असते. घाम आणि लघवी क्लोरीनशी मिळून क्लोरामाइन बनते, झोंबते ते आणि उग्र वासही त्याचाच. त्यावर उपाय म्हणजे उतरण्याआधी साबणाने अंघोळ आणि ताशी एकदा सगळ्या मुलांना बाहेर काढून स्वच्छतागृहात पाठवणे. जुलाब होत असलेल्या मुलाला पाण्यात उतरवूच नये. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी नेहमीच्या क्लोरीनमध्ये दिवसच्या दिवस जगतो. आणि रसायनांच्याही आधी एक तपासणी बिनखर्चाची आहे: काठावर उभे राहून सर्वांत खोल जागेच्या तळाची, पाणी ओढून घेणारी जाळी स्पष्ट दिसली पाहिजे. दिसत नसेल तर त्या दिवशी तलाव बंद, कारण तळाला गेलेले मूलही दिसणार नाही. त्या जाळीचे झाकण फुटलेले किंवा सैल असेल तरीही बंद. पंपाच्या ओढीने केस किंवा अंग तिथे अडकले तर मोठ्या माणसालाही मूल सोडवता येत नाही.

आता बघणारा माणूस. बुडणारे मूल ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला वरखाली होत असते, त्याला श्वासच पुरत नाही, तर हाक कुठून मारणार? हात हलवून बोलावणेही जमत नाही; हात आपोआप बाजूंना पसरून पाणी खाली दाबत असतात. फ्रँक पिया या जीवरक्षकाने हे १९७० च्या दशकात चित्रित करून दाखवले. अशा अवस्थेत मूल २० ते ६० सेकंद पाण्याच्या वर राहते, आणि लांबून बघणाऱ्याला ते खेळतेय असेच वाटते. म्हणून शिकवणारा प्रशिक्षक जीवरक्षक म्हणून मोजू नये. त्याची पाठ सहापैकी तीन मुलांकडे असतेच. वेगळा जीवरक्षक हवा, हातात मोबाइल नसलेला, आपल्या वाट्याचा पाण्याचा पट्टा १० सेकंदांत नजरेखालून घालणारा आणि पुढच्या २० सेकंदांत कुठल्याही मुलापर्यंत पोहोचू शकणारा. एवढ्या वेळात जो पट्टा बसत नाही, तिथे दुसरा माणूस लागतो. उन्हाची तिरीप पाण्यावर पडते त्या बाजूला त्याची खुर्ची असू नये, आणि दर २०-३० मिनिटांनी त्याची जागा बदलावी.

शिबिरात ताई-दादा पुष्कळ असतात, आणि धोका तिथेच वाढतो. दहा मोठी माणसे काठावर असली की प्रत्येकाला वाटते, दुसरा बघतोय. म्हणून मुलांच्या जोड्या लावाव्यात, दर १० मिनिटांनी शिट्टी, प्रत्येकाने जोडीदाराचा हात वर करायचा, मोजणी. न पोहणाऱ्यांना लाल टोपी, ज्यांची पहिल्या दिवशी चाचणी झाली त्यांनाच हिरवी. निळे आणि करडे पोहण्याचे कपडे पाण्याखाली दिसेनासे होतात. भडक केशरी, पिवळे मागावेत. आणि तासाच्या शेवटी 'आता दहा मिनिटे खेळा' म्हणतात तेव्हा प्रशिक्षकाने पाण्याबाहेर येऊ नये. शिस्त सुटते ती त्या दहा मिनिटांत. पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो याची पैज तर सक्तीने बंद असावी: आधी भराभर श्वास घेऊन बुडी मारली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, श्वास घ्यायची निकड वाटतच नाही आणि चांगले पोहणारे मूलही पाण्याखाली बेशुद्ध पडते.

बाहेर काढलेल्या मुलाचे पोट दाबू नये, त्याला उलटे धरू नये. पाणी काढण्यात जातो तो वेळ प्राणवायूचा असतो. बुडण्याच्या घटनेत आधी तोंडाने श्वास, मग छातीवर दाब. काही पद्धतींत सुरुवातीचे श्वास पाच, काहींत दोन, पण श्वास आधी. मग मिनिटाला १०० ते १२० या गतीने, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोलीपर्यंत दाब. हे करता येणारी निदान दोन माणसे प्रत्येक तासाला काठावर हजर असावीत, आणि अर्जात त्यांच्या प्रशिक्षणाची तारीख मागावी.

यावर 'एवढा खर्च कुठून आणायचा' असे शिबिरवाले म्हणतील. बांगलादेशात स्विमसेफ या उपक्रमात गावातल्या तळ्यांत बांबूचे कठडे आणि मचाण बांधून मुलांना शिकवले गेले. तिथे मोजपट्टी होती २५ मीटर पोहणे, ३० सेकंद तरंगणे आणि दुसऱ्याला सुरक्षितपणे मदत करणे. शिकलेल्या मुलांत बुडून मरण्याचे प्रमाण न शिकलेल्यांपेक्षा कितीतरी कमी आढळले. टाइल्सचा तलाव नव्हता. मोजपट्टी मात्र बरोबर होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली, त्यांतली जवळपास चौथाई पाच वर्षांखालची. शाळकरी वयाच्या मुलांना पोहणे आणि पाण्यातली सावधगिरी शिकवणे हा तिने सुचवलेल्या उपायांपैकी एक आहे.

आमच्या अटी परवानगीच्या अर्जात एका पानात बसतात: एकास सहा, वेगळा जीवरक्षक, फळ्यावरचे दोन आकडे, दंडावरचे फुगे बंद, आणि जमले तेवढेच लिहिलेले प्रमाणपत्र. मसुदा हवा असल्यास आम्ही लिहून देतो. तपासणीला माणसे कमी पडली तर शिबिर सुरू असताना येऊन घड्याळ लावून मिनिटे मोजायचीही आमची तयारी आहे.

आपले,
शिबिरांत पोहायला शिकवणारे प्रशिक्षक आणि जीवरक्षक