बाळंतपण इकडेच करतेय, म्हणून

ती. आई-बाबा, सा. न.

काल फोनवर आईचा आवाज पडला, तेव्हापासून चैन नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, हे मलाही कळतं गं. पण माझी थायरॉईडची ग्रंथी कमी काम करते ना, म्हणून ३०व्या आठवड्यात टीएसएच, म्हणजे थायरॉईडचा रक्तातला आकडा, पुन्हा बघायचाय. तो अडीचच्या वर गेला तर थायरॉईडच्या गोळीचा डोस लगेच वाढवावा लागेल. जन्मानंतर ४८ ते ७२ तासांत बाळाच्या टाचेचं रक्तही तपासायचंय. त्याच्या थायरॉईडमध्ये काही निघालंच, तर दोन आठवड्यांच्या आत औषध सुरू व्हायला हवं. उशीर झाला तर बुद्धीवर परिणाम होतो. इथे लॅब कोपऱ्यावर आहे. आणि खरं सांगू, रात्रीची जागरणं तुझ्या गुडघ्यांना नकोत.

आई, ‘एवढ्या गोळ्या बाळाला बाधतील’ हे मनातून काढ. आपल्या गळ्यातली ग्रंथी बनवते तेच हार्मोन त्या गोळीत असतं. बाळाची ग्रंथी १२व्या आठवड्याच्या सुमारास कामाला लागते, नीट चालायला १८-२० आठवडे जातात. तोवर त्याच्या मेंदूची सगळी भिस्त माझ्यावर. म्हणून तर दिवस गेल्याचं कळताच डॉक्टरांनी आठवड्याच्या ७ गोळ्यांच्या ९ केल्या आणि दर ४ आठवड्यांनी रक्त तपासलं. गोळी सोडली असती तर गर्भ पडण्याची, बीपी वाढण्याची, बाळ दिवसांआधी येण्याची भीती होती. आता आकडा जागेवर आहे, घाबरू नकोस. बाळंतपणानंतर डोस पुन्हा पहिल्यासारखा, ६ आठवड्यांनी तपासणी. अंगावर पाजतानाही गोळी चालते.

डिंकाचे लाडू मात्र हवेतच. ते तुझ्याच हातचे, आणि थोडे लपवून ठेवलेले, बाबांपासून.

आता माझं ऐका. इकडे याल तेव्हा सैंधव आणू नका, त्यात पुरेसं आयोडीन नसतं आणि मला नेहमीपेक्षा जास्त लागतं. थायरॉईडला कोबी वाईट म्हणतात, पण शिजवलेला चालतो, त्यावरून वाद नको. आई, तुझी थायरॉईडची गोळी तू चहाबरोबर घेतेस, मला ठाऊक आहे. उठल्याउठल्या नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, चहा अर्ध्या-पाऊण तासाने. कॅल्शियम दुपारी, मध्ये ४ तास हवेत, नाहीतर गोळी नीट अंगी लागत नाही. बाबा, लक्ष तुम्ही ठेवायचं.

लिफ्ट आहे, कमोड आहे, पेपर सहाला येतो. बाबांची खुर्ची खिडकीशी लावून ठेवलीये. नववा लागला की या, आणि सव्वा महिना होईपर्यंत जायचं नाव काढू नका.

तुमची,
चिमी